वेट बल्बचा रकाना

मृग लागून पाच-सहा दिवस झाले होते. ढग यायचे, थांबायचे आणि थेंब न टाकता निघून जायचे. विदर्भातल्या आमच्या वेधशाळेच्या फाटकात सकाळी दोघं जण उभे होते. बाई असतील तिशीच्या, बरोबर दीर. बाईंचा नवरा चार दिवसांपूर्वी स्लॅबच्या कामावर कोसळला होता. दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं.

"साहेब, त्या दिवशी ऊन किती होतं, तेवढं लिहून द्या ना," दीर म्हणाला. "कागदावर नुसतं हृदय बंद पडलं म्हणून लिहून हाय. ठेकेदार म्हणते, उन्हानं गेला हे कशावरून?"

एकतीस वर्षं मी निरीक्षक म्हणून नोकरी केली. आकडा मागायला लोक येतात, बहुतेक वेळा विम्यासाठी किंवा कोर्टासाठी. असा दाखला द्यायचा अधिकार आम्हाला नसतो. अधिकृत आकडेवारी हवामान खात्याच्या पुण्यातल्या राष्ट्रीय केंद्रातून अर्ज करून घ्यावी लागते. हे मी त्यांना सांगितलं, पण तेवढं सांगून त्यांना परत पाठवायला मन धजेना. म्हणून नोंदवही काढली.

कमाल तापमान ४२.६.

हा आकडा कसा येतो ते सांगायला हवं. मैदानात झापांची पांढरी लाकडी पेटी असते, स्टीव्हन्सन स्क्रीन. दार उत्तरेला, म्हणजे ते उघडलं तरी ऊन तापमापकावर पडत नाही. पारा जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर. कमाल तापमापकाची नळी फुग्याजवळ चिमटल्यासारखी अरुंद असते. पारा वर चढताना त्यातून जातो, पण हवा थंड झाली तरी आपोआप परत येत नाही. झटका दिला तरच उतरतो. वाचताना डोळा पाऱ्याच्या रेषेत हवा आणि आधी दशांश वाचायचा, मग पूर्ण अंश. कारण तुम्ही दार उघडून समोर उभे राहिलात की तुमच्या अंगाची नि श्वासाची ऊब पोचायला लागते, आणि तिनं पहिल्यांदा दशांशच बिघडतो. मी आयुष्यभर असंच वाचलं. त्या ४२.६ बद्दल मला आजही तिळमात्र शंका नाही.

अलीकडे लोकांचा या आकड्यावर विश्वास राहिलेला नाही, याचं मला वाईट वाटतं. कुणी गाडीतला आकडा दाखवतो, कुणी मोबाइलमधला. मे २०२४ मध्ये दिल्लीच्या मुंगेशपूरला स्वयंचलित केंद्रानं ५२.९ दाखवलं, पाठोपाठ नागपुरात एका केंद्रानं ५६. दिवसभर बातम्या चालल्या. पुढे तपासणीत मुंगेशपूरचा सेन्सर तीन अंश जास्त दाखवत होता असं निघालं, नागपूरचाही बिघडलेलाच होता. पण खुलासा कोण वाचतो?

तर ४२.६. त्या आठवड्याची आमची सरासरी होती ३८.३. फरक ४.३. मैदानी भागात उष्णतेची लाट म्हणायला पारा निदान ४० वर हवा आणि सरासरीपेक्षा निदान ४.५ अंशांनी जास्त हवा, नाहीतर सरळ ४५ गाठायला हवेत. तेही हवामान उपविभागातल्या किमान दोन केंद्रांवर, लागोपाठ दोन दिवस. म्हणजे आमच्या वहीप्रमाणे त्या दिवशी लाट नव्हती. दोन दशांशांनी नव्हती.

आणि ती सरासरीही एका जागी थांबत नाही. ती तीस वर्षांची असते आणि दर दहा वर्षांनी पुढे सरकते. आधी १९८१ ते २०१०, आता १९९१ ते २०२०. देशाचं सरासरी तापमान १९०१ पासून २०१८ पर्यंत सुमारे ०.७ अंशानं वाढलं. जग तापत गेलं की तुलनेचा पायाच वर जातो, आणि तेवढंच ऊन कागदावर सरासरीच्या थोडंसंच वर दिसतं. अंदाज वर्तवणाऱ्यांना ताजी सरासरी लागते, ते मला पटतं. स्लॅबवरच्या माणसाचं शरीर मात्र दर दहा वर्षांनी नवं होत नाही.

मी साध्या कागदावर तारीख आणि ४२.६ लिहून दिलं. खाली लिहिलं, 'हा दाखला नाही, माहितीसाठी.' सही केली नाही.

आठवड्यानं दीर एकटाच आला. ठेकेदारानं कागद पाहून म्हटलं होतं, बेचाळीस तर आपल्याकडे रोजचंच, नवतप्यात चव्वेचाळीस होतं तेव्हा कोण मेलं?

खरा आकडा मी दिला होता, आणि तोच त्यांच्यावर उलटला होता.

त्या रात्री मला वहीचा दुसरा रकाना आठवला. पेटीत चार तापमापक असतात. त्यातल्या एकाच्या फुग्यावर मलमल गुंडाळलेली असते आणि तिची वात बाटलीतल्या डिस्टिल्ड पाण्यात सोडलेली असते. तो वेट बल्ब, म्हणजे घाम आलेला तापमापक. पाणी उडून जाताना तो थंड होतो. शेजारचा मलमल नसलेला तो कोरडा. कोरडा आणि ओला यांतलं अंतर म्हणजे घाम तुमच्या किती कामाचा, त्याचं माप. याच कामात हयगय फार होते. सुट्टीवरून आलो की मलमल कडक झालेली दिसायची, बदलीवरच्यानं बोअरचं पाणी भरलेलं असायचं. क्षार बसले की वेट बल्ब चुकीचा वाचतो, आणि खोटा आकडा कायमचा वहीत जातो. मी मलमल दर आठवड्याला बदलायचो, धुळीचं वादळ झालं तर त्याच दिवशी.

मेच्या पहिल्या आठवड्यात आमच्याकडे संध्याकाळी साडेपाचला कोरडा ४३ आणि ओला २३ असायचा. वीस अंशांचं अंतर. तोंड भाजतं, पण कूलर चालतो, घाम वाळतो. तो माणूस गेला त्या दिवशी साडेपाचला कोरडा ४०.४ होता आणि ओला २८.८. अंतर बारासुद्धा नाही. आदल्या रात्रीचं किमान ३०.९, म्हणजे शरीराला रात्रीही उसंत नव्हती. कूलर नुसता दमट वारा फेकत होता. ज्या दिवशी घाम कामाचा नव्हता, त्या दिवशी तो सिमेंटच्या घमेल्यांखाली उभा होता, आणि मी त्याच्या बायकोला फक्त कमाल तापमान लिहून दिलं. कारण तिनं तेवढंच विचारलं होतं.

१६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मोकळ्या मैदानातल्या सोहळ्यानंतर चौदा माणसं उष्माघातानं गेली. जवळच्या केंद्रावर पारा ३८ च्या आसपास होता. अडतीस ऐकून विदर्भातला माणूस खांदे उडवतो. मे २०१० मध्ये अहमदाबादेत एरवीपेक्षा १,३४४ जास्त मृत्यू झाले. तिथल्या लोकांनी मृत्यूच्या नोंदी तापमानाशेजारी मांडून पाहिल्या आणि त्यातून २०१३ मध्ये शहराचा उष्णता कृती आराखडा निघाला. इशारा कधी द्यायचा, हे माणसं कधी मरतात यावरून ठरवलं. मला हेच बरोबर वाटतं. राष्ट्रीय आपत्तींच्या यादीत तर त्या वेळी थंडीची लाट होती, उष्णतेची नव्हती.

मी दुसरा कागद केला. सकाळ-संध्याकाळचे कोरडे, ओले, किमान, कमाल, सापेक्ष आर्द्रता, त्या दिवसाचे आणि आधीच्या तीन दिवसांचे. शेजारी मेच्या आठवड्याचे, तुलनेला. खाली चार ओळींत लिहिलं की वेट बल्ब म्हणजे काय आणि २८.८ ला कष्टाचं काम का झेपत नाही. या वेळी सही केली. नियमात बसत नव्हतं, तरी केली.

दीर तो कागद बराच वेळ पाहत राहिला. मग पहिल्या कागदाबरोबर घडी घालून खिशात ठेवला.

"साहेब, हे आता कोणाले दाखवू?"

मी पुण्याचा पत्ता पुन्हा लिहून दिला. त्यानं विचारलं होतं ते वेगळं होतं, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. साडेपाच वाजत आले होते. मी बाटलीत पाणी भरायला मैदानात गेलो.