क्रॉप करताना किती निगेटिव्ह हातात उरते?

आजचा दिवस एन्लार्जरपाशी (निगेटिव्हवरून कागदावर मोठी प्रिंट काढायच्या यंत्रापाशी) गेला आणि सगळा वेळ खाल्ला तो क्रॉपने, म्हणजे चित्राचा कोणता भाग ठेवायचा हे ठरवण्याने. ३५ मिमी फिल्मची फ्रेम २४ × ३६ मिमी असते आणि कागद ८ × १० इंच. प्रमाणच जुळत नाही. कागद पूर्ण भरायचा तर लांबीतले ६ मिमी जातात, म्हणजे फ्रेमचा सहावा भाग, तुम्ही काही ठरवण्याआधीच! हे मान्य नसेल तर कागदावर पांढरी पट्टी राहू द्या; मला तेच जास्त पटतं.

क्रॉप ठरवायचा तो कॉन्टॅक्ट शीटवर, म्हणजे निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून काढलेल्या त्याच आकाराच्या प्रिंटवर. काळ्या पुठ्ठ्याच्या दोन एल-पट्ट्या (इंग्रजी L च्या आकाराच्या) घ्या, भिंगाखाली सरकवत बघा आणि चायनामार्कर (मेणाच्या) पेन्सिलने चौकट आखा. क्षितिज तिरकं असेल तर ईझल (कागद धरून ठेवणारी चौकट) फिरवा.

समजा फक्त १८ × २२.५ मिमी भाग हवाय. निगेटिव्ह मोठी करण्याचं प्रमाण साडेआठ पटींवरून (फ्रेमची पूर्ण २४ मिमी उंची वापरताना) सव्वाअकरा पटींवर जातो. त्यासाठी एन्लार्जरचं डोकं वर गेलं की प्रकाश पसरतो, त्यामुळे लेन्सच्या त्याच अ‍ॅपर्चरला (छिद्राला) १० सेकंदांचं एक्स्पोजर सुमारे १७ होतं. ग्रेन (फिल्मचे कण) फुगतो, धूळ दिसू लागते आणि फोकस पुन्हा ग्रेन फोकसरने (ते कण मोठे करून दाखवणाऱ्या भिंगाने) बघावाच लागतो. प्रिंट मळकट वाटली तर कॉन्ट्रास्टचा फिल्टर अर्ध्या ग्रेडने वाढवा.

स्कॅन करणाऱ्यांनी फिल्मची कड आधी निवडीबाहेर ठेवावी, नाहीतर ऑटो एक्स्पोजर तिच्यावरूनच टोन ठरवतो. याच क्रॉपला ३०० डीपीआयच्या (दर इंचाला ३०० ठिपके) ८ × १० प्रिंटसाठी सुमारे ३४०० डीपीआयचं स्कॅन लागतं.