डाव्या बाजूचं सील

रविवार, ६ जुलै. रात्री साडेदहा.

दोनदा साबण लावला तरी हाताचा ऑइलचा वास गेलेला नाही. सकाळी नऊला परळला मेकॅनिक काकांच्या गॅरेजवर गेले ती दुपारी तीनला घरी आले. बाहेर पाऊस धरून होता. आत काकांनी बाबांच्या जावा मोटारसायकलचं डावं कव्हर उतरवलं, मग क्लच, मग प्रायमरी चेन. एकेक वस्तू निघाली की ती त्याच क्रमाने वर्तमानपत्रावर मांडत होते. शेवटी एक काळं रबरी कडं, म्हणजे ऑइल अडवणारं सील, अलगद बाहेर काढून माझ्या तळहातावर ठेवलं. "दाबून बघा ताई," म्हणाले. आतली कड प्लॅस्टिकसारखी कडक झाली होती आणि एका जागी तुकडाच उडाला होता. दोन वर्षं गाडी पांढरा धूर ओकत होती, ती एवढ्याशा कड्यापायी.

दोन वर्षांपूर्वीचं मी कधी लिहून ठेवलं नव्हतं. उपनगरातलं एक चकचकीत गॅरेज, भिंतीवर जुन्या गाड्यांचे फोटो. गाडी माझी, प्रश्न माझे, पण मालक उत्तरं द्यायचा दादाकडे बघून. धूर येतोय म्हटल्यावर पाच मिनिटांत निकाल: पिस्टन गेला, बोअर करावा लागेल. केला. दोन महिन्यांत धूर परत. जुना पिस्टन मागितला तर म्हणे भंगारात गेला. गेलेल्या पैशांचं मला फार वाटत नाही. पण ब्लॉकला मोजकेच बोअर झेपतात, दर खेपेला आतली भिंत थोडी कापली जाते आणि पिस्टन एक माप मोठा घालावा लागतो. १९६८ च्या गाडीचा एक बोअर विनाकारण खर्ची पडला. तो आता कुणीच भरून देऊ शकत नाही, याचा राग अजून आहे.

त्यानंतर वर्षभर गाडी जिन्याखाली उभी होती. कुणाच्या हातात द्यायची, हाच प्रश्न. जावाचा म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद झाला. ज्यांचे हात तेव्हा या इंजिनावर बसले होते ते आज साठीच्या आसपास किंवा पुढे. काहींनी शटर ओढलं, काही गावाला गेले. नवी पोरं हुशार आहेत, पण ती वाढली फोर-स्ट्रोकवर. धूर दिसला की रिंगा आणि व्हॉल्व्ह सील, हे त्यांना पाठ. जावा टू-स्ट्रोक, तिला असे व्हॉल्व्हच नाहीत.

काका सापडले ते दादर टीटीच्या सिग्नलला. मी टॅक्सीत होते, आणि मागून तो आवाज आला. दोन सायलेन्सरचा, थोडा पोकळ, लहानपणी चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर ऐकू आला की आई चहाचं आधण ठेवायची तो. एक आजोबा येझदीवर, जावाच्याच कारखान्यातल्या गाडीवर. काच खाली करून मी सरळ विचारलं, "गाडी कुणाकडे देता?" सिग्नल सुटायच्या आत त्यांनी परळची गल्ली सांगितली आणि वर म्हणाले, "वेळ लावतो, पण खोटं बोलत नाही."

एप्रिलमध्ये पहिल्यांदा गेले तेव्हा काकांनी पान्याला हातसुद्धा लावला नाही. इंजिन शेवटचं कधी खोललं? पेट्रोलमध्ये ऑइल किती घालता? मी म्हटलं, लिटरला ४० मिली. किक मारून पाहिली, प्लग काढून पाहिला, धुराचा वास घेतला. मग गिअरबॉक्सचं सगळं ऑइल काढून नवीन एक लिटर मोजून भरलं आणि म्हणाले, "तीन आठवडे चालवा. मग या. आत्ता खोलायची गरज नाही." खर्च किती येईल विचारलं तर म्हणाले, बघितल्याशिवाय आकडा सांगत नाही. ऑइलचे तेवढे पैसे घेतले. खरं सांगायचं तर विश्वास बसला तो तिथेच.

तीन आठवड्यांनी तेच ऑइल मापात काढलं. सातशे मिलीही भरलं नाही. गाडीखाली एक थेंब नव्हता. "बाहेर गेलं नाही, म्हणजे आत गेलं," एवढंच बोलून त्यांनी मला सगळं समजावलं, माझ्याशी बोलत, माझ्याकडे बघत. टू-स्ट्रोकची क्रँककेस, म्हणजे पिस्टनखालचा इंजिनाचा डबा, हवाबंद लागते. पिस्टन वर जातो तेव्हा खाली ओढ तयार होते, त्या ओढीने पेट्रोलचं मिश्रण आत येतं. डावीकडचं सील गेलं की तीच ओढ गिअरबॉक्सचं ऑइलही खेचून घेते, ते जळतं, पांढरा धूर येतो. उजवीकडचं, डायनॅमोच्या बाजूचं गेलं तर हवा खेचली जाते आणि पिस्टन तापून जाम होतो. त्या मानाने आमच्या गाडीचं नशीब बरं.

बाबांची वही तेव्हा मी सोबत नेली होती. त्यांनी पेट्रोल, सर्व्हिस सगळं लिहून ठेवलंय, माझ्याने ती सलग वाचवत नाही. काका मात्र चष्मा लावून पान न् पान बघत होते. एका ओळीवर बोट ठेवून मोठ्याने वाचलं: "ऑगस्ट ९४. धूर. गिअर ऑइल उतरते. डावे सील बदलले." मग म्हणाले, "तुमच्या वडलांना कळलं होतं." मला तिथे काही बोलता आलं नाही.

नवीन सीलसाठी मी चोरबाजारात शोधायला निघाले होते. काकांनी थांबवलं. जावाचा शिक्का शोधत बसू नका, सीलवर तीन आकडे असतात, आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. ते जुळवून नागदेवीला बेअरिंगवाल्याकडून चांगल्या कंपनीचं घ्या. घेतलं. आज त्यांनी व्हर्निअर, म्हणजे बारीक मापाची मोजपट्टी, लावून ते पुन्हा मोजलं, माझ्यासमोर.

पुढचा रविवार जुलैचा दुसरा, म्हणजे जावा-येझदीवाल्यांचा दिवस. मला तोवर गाडी हवी होती, हे काकांना माहीत होतं. तरी त्यांनी टॉर्च धरून क्रँकच्या दांड्यावर मला एक बारीक रेघ दाखवली, जुन्या सीलने घासून पाडलेली. नखाला लागते. ती तशीच ठेवून सील बसवलं तर नवीन सीलची कडही लवकर खाल्ली जाईल. "रविवारी गाडी मिळणार नाही, ताई." मी बरं म्हटलं. नाराज झाले का? थोडी झाले, पण परळ ते दादर चालत येताना मन शांत होतं.

जुनं सील त्यांनी न मागता कागदात बांधून दिलं. आता ते टेबलावर आहे. ऑगस्ट ९४ च्या नोंदीखाली मी आजची तारीख घातली आणि नव्या सीलवरचे तिन्ही आकडे उतरवले. मजुरी काकांनी अजून सांगितलेली नाही. तेवढी जागा सोडली आहे.