मातृभाषेचा रकाना

सिंगापूरला असताना मुलीचे नाव तिथल्या सरकारी शाळेत घालायला गेलो, तेव्हा अर्जात मातृभाषेचा एक रकाना होता आणि त्यात मराठी लिहिण्याची सोय नव्हती. भारतीय म्हणून नोंद झालेल्या मुलांनी तमिळ घ्यावी, अथवा हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी आणि उर्दू यांपैकी एक निवडावी, असा नियम. समोरच्या बाईंनी अतिशय सौजन्याने सांगितले की मराठी घरांतली बहुतेक मुले हिंदी घेतात, आम्हीही घेतली. रात्री मुलीने कराडला आजीला फोनवर मोठ्या कौतुकाने सांगितले की शाळेत माझी मातृभाषा हिंदी आहे. पलीकडून माझी आई म्हणाली, "आणि मग मी कोण गं तुझी?"

बाहेरून गमतीशीर वाटणाऱ्या या व्यवस्थेमागे एक जुनी भीती आहे. २१ जुलै १९६४ रोजी पैगंबर जयंतीच्या मिरवणुकीत मलय आणि चिनी लोकांमध्ये दंगल पेटली, सप्टेंबरात पुन्हा भडकली आणि दोन्ही वेळचे मिळून ३६ लोक मेले. पुढच्या वर्षी स्वतंत्र झालेल्या त्या देशाने प्रत्येक नागरिकाला चिनी, मलय, भारतीय आणि इतर अशा चार खणांत नोंदवण्याची ब्रिटिशकालीन रीत मोडली नाही, उलट ती राज्यकारभाराचा पायाच केली. २०२० च्या जनगणनेत तिथल्या रहिवाशांपैकी ७४.३ टक्के चिनी, १३.५ टक्के मलय आणि ९ टक्के भारतीय होते. राष्ट्रगीत मलय भाषेत, कारभार इंग्रजीत, आणि शाळेतली मातृभाषा आई घरात काय बोलते यापेक्षा ओळखपत्रावर कोणता वंश छापला आहे यावरून ठरणारी. २०११ पासून आई-वडील वेगवेगळ्या वंशांचे असतील तर दोन्ही वंश जोडून लिहिता येतात. पण सरकारी हिशेबात त्यातला पहिलाच धरला जातो.

त्या दंगलीची आठवण म्हणून शाळांमध्ये २१ जुलैच्या सुमारास वांशिक सलोखा दिन साजरा होतो आणि मुले आपापल्या पारंपरिक वेशात येतात. मी हौसेने लेकीला शिवलेली नऊवारी नेसवली, नथ घातली. फाटकाशी उभ्या असलेल्या एका तमिळ आईने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळले आणि आनंदाने विचारले, "मडिसार?" त्यांच्याकडे अय्यर-अय्यंगारांच्या घरांतल्या नऊवारीला मडिसार म्हणतात. मी काष्टा दाखवला, तिने त्यांच्याकडचा पदर कुठून कसा येतो ते हाताने करून दाखवले, आणि घंटा होईपर्यंत आम्ही दोघी निऱ्यांविषयीच बोलत राहिलो. वर्गशिक्षिकेच्या यादीत मात्र आम्हा दोघींच्या मुलींपुढे एकच शब्द होता: भारतीय.

खरी धग लागते ती घराच्या व्यवहारात. तिथले सुमारे ८० टक्के लोक सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या इमारतींत राहतात आणि १९८९ पासून प्रत्येक इमारतीत व प्रत्येक वस्तीत कोणत्या वंशाची किती घरे असावीत याची कमाल मर्यादा ठरलेली आहे. एका इमारतीत चिनी ८७ टक्के, मलय २५ टक्के, भारतीय आणि इतर मिळून १५ टक्के. हेतू चांगला, की कोणाचाही वेगळा मोहल्ला होऊ नये. पण ओळखीतल्या एका मराठी कुटुंबाला घर विकायचे होते आणि त्यांच्या इमारतीतला चिनी वाटा भरलेला होता. मग बिगरचिनी माणसाला आपले घर चिनी गिऱ्हाइकाला विकता येत नाही, म्हणजे बाजारातले तीन-चतुर्थांश गिऱ्हाईक एका झटक्यात बाद. त्यांनी सात-आठ महिने वाट पाहिली आणि शेवटी बरेच कमी पैसे घेऊन घर दिले. अल्पसंख्याकांच्या रक्षणासाठी आखलेल्या नियमाचा भुर्दंड पुष्कळदा त्यांनाच पडतो, हे तिथल्या सरकारने पुढे स्वतःच मान्य केले आणि २०२२ मध्ये अशी अडकलेली घरे ठरावीक अटींवर परत विकत घेण्याची तरतूद केली.

आणि २०१७ ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक तर मी तिथे राहूनच पाहिली. ती मलय उमेदवारांसाठी राखीव होती आणि मलय कोण हे ठरवायला एक समिती होती. उमेदवारी मागणाऱ्या हलिमा याकोब यांचे वडील भारतीय मुसलमान, आई मलय. इतर अर्जदारांच्या मलयपणाचीही अशीच चिकित्सा झाली. अखेर बाकीचे आर्थिक निकषावर अपात्र ठरले आणि हलिमाबाई मतदानाशिवाय निवडून आल्या. आमच्या कार्यालयात एक मलय सहकारी आणि एक तमिळ सहकारी शेजारी बसत. एक 'बेरिता हारियन' वाचे, दुसरा १९३५ पासून निघणारा 'तमिळ मुरसु'. सकाळच्या चहाला दोघे आपापल्या पानांवरचे सांगत आणि मी इंग्रजी 'स्ट्रेट्स टाइम्स'मधले. तिन्ही वर्तमानपत्रे एकाच प्रकाशनसंस्थेची, तरी मलय सहकाऱ्याचा प्रश्न अगदी निराळा होता: मतदानच व्हायचे नव्हते तर राखीव ठेवून आमचा मान राखला की घालवला?

२०१९ मध्ये आम्ही परतलो आणि नेरूळला घर घेतले. आता रकान्यातून सुटका, मराठी मुलुखात मराठी माणूस, असे मनाशी म्हणत होते. पहिल्याच आठवड्यात नेरूळच्याच सारसोळे गावातल्या एका मावशींकडून बोंबील घेताना त्यांनी माझे बोलणे ऐकून विचारले, "तुम्ही घाटावरच्या ना?" आवाजात राग नव्हता, भाव सांगावा तसा सरळ प्रश्न होता. पण कराडच्या माणसाला 'घाटी' हा शब्द किती दिशांनी टोचू शकतो हे कराडच्याच माणसाला ठाऊक. सिंगापुरात मी भारतीय या खणात होते, इथे दोन मिनिटांत घाटावरची झाले, आणि दोन्ही ठिकाणी रकाना भरणारा हात माझा नव्हता.

पण मावशींच्या प्रश्नालाही त्यांचा इतिहास आहे, आणि तो आमच्यासारख्या नव्या नवी मुंबईकरांनी समजून घ्यायला हवा. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे व तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या ९५ गावांच्या जमिनी या शहरासाठी घेतल्या गेल्या. भातखाचरे, मिठागरे, खाडीकाठची मासेमारी, यांवर जगणारे आगरी आणि कोळी आपल्याच गावात 'प्रकल्पग्रस्त' झाले. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात जासईच्या परिसरात गोळीबार होऊन पाच शेतकरी हुतात्मा झाले, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातूनच संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ मालकाला परत देण्याची योजना आली. आम्ही ज्याला 'सेक्टर' म्हणून पत्त्यात लिहितो त्याला मावशींच्या घरात अजून शेताच्या नावाने ओळखतात, आणि त्यांच्या 'इकरं-तिकरं'च्या बोलीत तो पत्ता सांगितला तर आमचा रिक्षावाला गोंधळतो.

नवी मुंबई विमानतळाच्या नावाचा वाद मी भूमिपुत्रांच्या आणि आमच्यासारख्या बाहेरून आलेल्यांच्या, अशा दोन खिडक्यांतून पाहिला. २०२१ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांचे नाव पुढे आले तेव्हा दि. बां.च्या नावासाठी भूमिपुत्रांनी मानवी साखळी केली, सिडको भवनाला घेराव घातला. २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दि. बां.च्या नावाचा निर्णय घेतला. आमच्या इमारतीत सकाळी पेपरवाला लिफ्टजवळच्या बाकावर गठ्ठा ठेवतो: मराठी, इंग्रजी, गुजराती, हिंदी, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या मल्याळी काकूंचे दैनिक. त्या दिवसांत मी मराठी अंकातले शहराचे पान उघडले की साखळी, घेराव, गावांची नावे. काकूंना विचारले तर त्या म्हणाल्या, "नाव काहीही ठेवा, पण कोचीचे विमान कधी सुटणार ते कोणी लिहीतच नाही." त्यांना या शहरात ३५ वर्षे झाली आहेत आणि दि. बा. पाटील कोण हे त्यांना त्या दिवशी प्रथम माझ्याकडून कळले. यात त्यांचा दोष किती आणि इतकी वर्षे त्यांना न सांगणाऱ्या आमचा किती, याचा हिशेब मला अजून जमलेला नाही. मलाही नेरूळच्या अय्यप्पा मंदिरात मंडलपूजेला इतकी गर्दी का होते हे त्यांनीच सांगितले, तेही दहा पावले चालून दार वाजवल्यावर.

आपल्याकडे घरांना वांशिक कोटा नाही, असे मी सिंगापूरच्या मैत्रिणींना अभिमानाने सांगत असे. आता सांगताना अडखळते. इथल्या एका सोसायटीत, कोणती ते सोडून देऊ, भाड्याचे घर बघायला आलेल्या एका मुसलमान जोडप्याला दलालाने जिन्यातूनच परत नेले. दुसरीकडे मासे खाणाऱ्यांना घर देत नाहीत, म्हणजे खाडीवरच्या शहरात खाडीवरच्याच माणसाला नाही. टक्केवारी लिहिलेली नसते, म्हणून ती पुरी भरली की रिकामी हे कोणी विचारू शकत नाही. सिंगापूरचा नियम मला अन्यायाचा वाटला, तरी तो छापलेला होता आणि छापलेल्याशी भांडता येते. आमच्या ओळखीतले ते कुटुंब भांडले, त्यांच्यासारखे आणखी भांडले, तेव्हा कुठे २०२२ ची तरतूद झाली. जिन्यातल्या दलालाविरुद्ध अर्ज कुठे करायचा?

२०२५ च्या उन्हाळ्यात पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदीचा शासननिर्णय आला, गदारोळ झाला आणि २९ जूनला तो मागे घेतला गेला. त्याच सुमारास आमच्याच ठाणे जिल्ह्यात मिरा रोडला मराठी बोलण्यावरून एका दुकानदाराला मारहाण झाली, मग व्यापाऱ्यांचा मोर्चा, त्याला उत्तर म्हणून मराठीसाठी मोर्चा. मारहाणीचे समर्थन मी करणार नाही. पण सक्तीला विरोध करताना माझ्या मनात तो जुना अर्ज होता. मुलगी हिंदी छान शिकली, त्याचे काही दुःख नाही. दुःख एवढेच की त्या रकान्याचे नाव 'मातृभाषा' होते.

मराठी वृत्तपत्रांचीही एक गंमत सांगते. २०२३ मध्ये थर्मन षण्मुगरत्नम ७०.४ टक्के मते मिळवून सिंगापूरचे राष्ट्राध्यक्ष झाले, तेव्हा आपल्याकडे 'भारतीय वंशाचे' म्हणून मथळे सजले. त्यांचे पूर्वज सिलोनचे तमिळ. सिंगापूरच्या चार खणांत जाफन्याचा तमिळ आणि कराडची मराठी बाई एकाच खणात पडतात, आणि तो खण आम्ही इथे बसून अभिमानाने उसना घेतला.

आता जनगणना येते आहे, जातीच्या नोंदीसह. आपल्या जनगणनेत मातृभाषा म्हणजे लहानपणी आईने ज्या भाषेत तुमच्याशी बोलणे केले ती, ही व्याख्या मला सिंगापूरपेक्षा कितीतरी शहाणी वाटते. तसे मी सारसोळ्याच्या मावशींना बोंबील निवडता निवडता सांगितलेही. त्यांनी कोयता बाजूला ठेवला आणि विचारले, मग आमच्या घरात मराठी लिहायचे की आगरी? आईने बोलली ती आगरी, शाळेत शिकवली ती मराठी, आणि नातवंडांशी सून बोलते ती हिंदी. मी पिशवी हातात घेऊन तशीच उभी राहिले. मागच्या गिऱ्हाइकाने भाव विचारला, तेव्हा मावशींनी त्याला हिंदीत उत्तर दिले.