तालवर्ग आणि जन्मापासूनचे सर्व पत्ते

शनिवारी सकाळी लहान मुलांना तासभर ताल शिकवता यावा म्हणून मला पाच महिने थांबावे लागले आणि त्यातले बहुतेक दिवस एका अर्जातल्या एकाच रकान्यापायी गेले. ‘जन्मापासून आजपर्यंतचे सर्व पत्ते, मध्ये खंड न ठेवता’ असा तो रकाना होता. त्या गोष्टीला आता बराच काळ लोटला, तरी त्याची आठवण झाली की माझा संताप पुन्हा वर येतो. आयर्लंडमध्ये गाण्याबजावण्याच्या निमित्ताने गावकऱ्यांत मिसळू पाहणाऱ्या आपल्या माणसांना तो रकाना आज ना उद्या भरावा लागेल, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आम्ही २०२१ मध्ये क्लेअर काउंटीतल्या एनिस या गावी राहायला आलो. फिडल (व्हायोलिन), फ्लूट आणि विशेषतः कॉन्सर्टिना (दोन हातांत धरून वाजवायची छोटी भात्याची पेटी) या वाद्यांवर वाजणाऱ्या पारंपरिक संगीतासाठी हा भाग आयर्लंडभर ओळखला जातो. संध्याकाळी पबमध्ये वादक एका टेबलाभोवती गोल बसतात आणि समोर नोटेशन न ठेवता एकामागून एक धुना वाजवतात. या बैठकीला सेशन म्हणतात. मी तबल्याची विशारद आहे, पण त्या दाटीत तबला मांडायला जागा नव्हती आणि क्लेअरच्या ओल्या हवेत माझ्या तबल्याच्या पुडीचा, म्हणजे वरच्या कातड्याचा, सूर सतत उतरत असे. म्हणून मी बाउरान घेतले. ही एका बाजूने बकऱ्याचे कातडे मढवलेली, मांडीवर उभी धरून आखूड काठीने वाजवायची डफासारखी चौकट असते. कातडे तेच असल्यामुळे हाताला ते परके वाटले नाही.

जिग या प्रकारात तीन-तीनचे दोन गट असतात, म्हणजे आपल्या दादऱ्याचीच चाल. रील या दुसऱ्या प्रकाराला केहरव्याचा हात चालतो. अडचण समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर येऊन थांबण्याची होती. इथल्या धुनेचे आठ-आठ मापांचे दोन भाग असतात, प्रत्येक भाग दोनदा वाजतो, अशी सबंध धून दोन-तीनदा वाजते आणि न थांबता पुढची धून सुरू होते. मी तिहाई घेऊन, म्हणजे एकच बोल तीनदा वाजवून, समेवर आले की माझ्यापुरते वाजवणे संपलेले असे, आणि बाकीचे सगळे पुढे निघून गेलेले असत. कुणी काही बोलले नाही. मीच तिहाई सोडली आणि सहा-सात महिने बहुतेक ऐकत बसले. एका टेबलावर एका वेळी एकच बाउरान वाजवायचे, हा नियमही मला पाहूनच कळला. दुसरे वाजले की धून गढूळ होते. नव्या माणसाने दुसरा वादक थांबेपर्यंत आपली काठी खाली ठेवावी, हे मी आग्रहाने सांगेन. पुढे एका मंगळवारी कॉन्सर्टिना वाजवणाऱ्या एक वृद्ध बाई आपली खुर्ची सरकवून मला म्हणाल्या, “अशी आत ये, आमच्यात बस.” त्या रात्री घरी चालत येताना मला फार आनंद झाला होता.

सप्टेंबर २०२३ मध्ये त्याच बाईंनी विचारले की त्यांची मंडळी शनिवारी गावातल्या मुलांचा वर्ग घेतात, त्यात मी ताल शिकवीन का. मी तत्काळ होकार दिला. पण आयर्लंडमध्ये मुलांसोबत काम करणाऱ्या प्रौढ व्यक्तीची आधी पोलीस पडताळणी व्हावी लागते. तिला गार्डा व्हेटिंग म्हणतात. त्यासाठीचा कायदा २०१२ चा असून तो एप्रिल २०१६ पासून लागू झाला आहे. कायदा योग्यच आहे, माझी मुलगीही त्याच वयाची आहे. हा अर्ज आपला आपल्याला करता येत नाही. नोंदणीकृत संस्थेमार्फतच तो जातो, आणि माझे घोडे त्यातल्या पत्त्यांच्या रकान्यापाशी अडले.

माझे वडील पाटबंधारे खात्यात होते. माझा जन्म १९८७ साली कऱ्हाडला मामाच्या घरी झाला. तिथून कोयनानगरची वसाहत, मग उस्मानाबाद, मग सांगली, पुण्यात वसतिगृह, पुण्यातच भाड्याची खोली, लग्नानंतर ठाणे, आयर्लंडला आल्यावर तीन महिने लिमरिक आणि शेवटी एनिस. अर्जातल्या रकान्याला घर क्रमांक, रस्ता, गाव आणि पोस्टकोड हवा होता. कोयनानगरच्या आमच्या खोलीचा क्रमांक वडिलांनाही आठवेना. तिथे येणाऱ्या पत्रांवर वडिलांचे नाव आणि ‘पाटबंधारे वसाहत’ एवढेच असे. उस्मानाबादचे नाव तर २०२३ मध्येच बदलून धाराशिव झाले होते. शाळेच्या दाखल्यावर एक नाव आणि आजच्या नकाशावर दुसरे, तेव्हा कोणते लिहायचे, हे विचारायला मी दोनदा फोन केला. “तुम्हाला योग्य वाटेल ते लिहा,” असे उत्तर मिळाले.

तीन आठवड्यांनी अर्ज परत आला. घर क्रमांक रिकामा आहे, असे कारण होते. तिथे ‘क्रमांक नाही’ असे लिहून मी तो पुन्हा पाठवला आणि पाच आठवड्यांनी तो दुसऱ्यांदा परत आला. या वेळी एवढेच लिहिले होते: ‘पत्त्यांमध्ये खंड आहे.’ कुठे आहे, कोणत्या सालात आहे, काही नाही. माझे छत्तीस वर्षांचे आयुष्य कुणीतरी वाचले होते, त्यातली उणीव त्यांना दिसली होती, आणि ती नेमकी कुठे आहे हे लिहिण्याचे सौजन्य मात्र त्यांनी दाखवले नव्हते. हे मला आजही अक्षम्य वाटते. दर शनिवारी सकाळी मुलांचा वर्ग भरत होता आणि मी घरी बसून होते. मंगळवारी बाई विचारत, “आले का तुझे कागद?” आणि मला नकारार्थी मान हलवावी लागे.

खंड वडिलांनी शोधला. मी फोनवर साले वाचत गेले आणि ते आपल्या सेवापुस्तिकेची झेरॉक्स समोर धरून ऐकत होते. १९९६ नंतर मी एकदम १९९८ म्हटले तेव्हा त्यांनी मला थांबवले. “अगं, सत्त्याण्णव साली तुम्ही कऱ्हाडला होता की. मला सांगलीत क्वार्टर मिळालं नव्हतं.” खरोखरच ते सबंध वर्ष आई, भाऊ आणि मी मामाकडे होतो. मामाच्या भजनी मंडळात मी पहिल्यांदा तबल्यावर हात ठेवला तोही त्याच वर्षी. ते वर्ष मी विसरले नव्हते. मामाचे घर हा आपला पत्ता म्हणून लिहायचा असतो, हे माझ्या मनातच आले नव्हते.

म्हणून माझे सांगणे असे की अर्ज उघडण्यापूर्वीच शाळा सोडल्याचे सगळे दाखले समोर घ्यावेत आणि घरात कुणी सरकारी नोकरीत असेल तर त्यांच्या बदल्यांच्या तारखा मागून घ्याव्यात. आजोळी, काकांकडे किंवा वसतिगृहात काढलेले वर्षही लिहावे. साले ओळीने मांडून एकाचा शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीला जुळतो का, हे बोट ठेवून पाहावे. गावाचे नाव बदलले असल्यास दाखल्यावरचे नाव लिहून पुढे नवे नाव द्यावे. माझे तसे चालले. ओळखपत्रांबरोबर सध्याच्या पत्त्याचा पुरावा लागतो आणि तो स्वतःच्या नावावर असावा लागतो. आमचे विजेचे बिल पतीच्या नावावर असल्यामुळे मला बँकेचे पत्रक मागवावे लागले. आणि भरलेल्या यादीची प्रत जपून ठेवावी, कारण दुसऱ्या संस्थेत शिकवायला गेले की बहुधा हे सारे पुन्हा करावे लागते.

दुरुस्त अर्ज गेल्यावर पुढचे सगळे सुरळीत झाले आणि फेब्रुवारीत संस्थेकडून होकार आला.

पहिल्या शनिवारी अकरा मुले होती. मी त्यांना बाउरान हातातही घेऊ दिले नाही. मामाने शिकवले होते तसे मांडीवर थाप देत “धा धी ना, धा ती ना” म्हणायला लावले, आणि बाईंनी त्यावर कॉन्सर्टिनावर एक जिग सुरू केली. मुले पहिल्या भागात दोनदा चुकली, दुसऱ्यात जमली. धून संपली आणि बाईंनी न थांबता पुढची उचलली, तेव्हा अकराच्या अकरा जणांचे बोल चालू होते आणि माझेही.

एक सांगायचे राहिले. इथले वर्ग सप्टेंबरात सुरू होतात, त्यामुळे शिकवायची इच्छा असेल तर संस्थेला मे महिन्यातच सांगून ठेवावे.