घराच्या बदल्यात घर: करोनाच्या आधी आणि नंतर

आम्ही इंग्लंडमधल्या रेडिंगला राहतो आणि सुट्टीत शक्यतो हॉटेल घेत नाही. घरांची अदलाबदल करतो. ते आमच्या घरी, आम्ही त्यांच्या घरी. भाडं नाही, फक्त अदलाबदल जुळवणाऱ्या साईटची वार्षिक वर्गणी. ही टूम काही इंटरनेटने काढलेली नाही. 1953 साली युरोपातल्या शिक्षकांनी ‘इंटरव्हॅक’ सुरू केलं, कारण सुट्ट्या भरपूर आणि पगार बेताचा. घरांच्या याद्या छापून पोस्टाने जायच्या. 1992 मध्ये ‘होमएक्स्चेंज’ आलं, आणि पुढे पॉइंट्सची पद्धत रुळली. तुमच्याकडे कोणी राहिलं की पॉइंट्स जमा, तुम्ही कुठे राहिलात की वजा. त्यामुळे दोघांनी एकाच वेळी घर सोडायची गरज उरली नाही.

2020 च्या ऑगस्टसाठी आमचं फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या दिनां गावाजवळच्या एका कुटुंबाशी ठरलं होतं. पोर्ट्समथहून रात्रीची बोट, सकाळी सें-मालो. मार्चमध्ये सगळं बंद झालं. व्हिसा केंद्रंही बंद, आणि माझा पासपोर्ट भारतीय. मे महिन्यात दोघांनी मिळून रद्द केलं. पैसे गुंतलेलेच नव्हते, त्यामुळे कोणी कोणाचं देणं लागत नव्हतं. बोटीच्या तिकिटांचं मात्र बराच काळ भिजत घोंगडं पडलं.

जुलैमध्ये सरकारने फ्रान्सहून परतणाऱ्यांचं क्वारंटाईन उठवलं. ब्रिटनीच्या बाईंनी लगेच लिहिलं, ‘नुसतं घर वापरा, आम्ही नंतर कधीतरी येऊ.’ नवरा विरघळला होता. पण व्हिसाचा पत्ता नव्हता म्हणून बेत तिथेच राहिला. 13 ऑगस्टच्या रात्री घोषणा झाली की 15 तारखेच्या पहाटे चारनंतर फ्रान्सहून येणाऱ्याला पुन्हा 14 दिवस घरात बसावं लागेल. बोटींच्या रांगांमध्ये अडकलेली कुटुंबं टीव्हीवर बघताना आयुष्यात पहिल्यांदा मला व्हिसा केंद्राचे आभार मानावेसे वाटले.

तोवर आम्ही देशातल्या देशातच शोधायला लागलो होतो. इंग्लंडमध्ये 4 जुलैपासून घराबाहेर मुक्काम करायला परवानगी मिळाली आणि साईटवरचा नूरच पालटला. पूर्वी इथल्या इंग्रज मंडळींना आमच्या रेडिंगच्या घराचं काय कौतुक असणार? आम्हाला विचारायचे ते परदेशातले, लंडन ट्रेनच्या टप्प्यात आहे म्हणून. आता नॉर्थम्बरलंड, डेव्हन, वेल्समधून निरोप यायला लागले. कोणाची मुलगी जवळ राहत होती, कोणाला नुसतं चार भिंती बदलून हव्या होत्या.

नॉर्थम्बरलंडच्या किनाऱ्यावर, बॅम्बर्गच्या किल्ल्यापासून जवळ राहणारं एक जोडपं पक्कं झालं. त्यांचा मुलगा आमच्याकडून पंधरा मिनिटांवर राहतो, नात नुकतीच झालेली. पण त्याच्या एका खोलीच्या फ्लॅटमध्ये ते राहणार कुठे? आमचं रिकामं घर त्यांना अगदी सोयीचं होतं.

आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर ती म्हणाली, “अगं, इकडे आम्ही दुधाची पिशवी साबणाने धुऊन घेतो आणि तू परक्या माणसांना घराची किल्ली देतेस?” तिचं चुकत नव्हतं. पण हॉटेलची लिफ्ट आणि नाश्त्याची रांग यापेक्षा ज्यांच्याशी तासभर बोललोय अशा दोन माणसांचं बंद घर मला जास्त सुरक्षित वाटत होतं.

घर 72 तास बंद ठेवा, मग साफ करा, असा सल्ला तेव्हा सगळीकडे फिरत होता. पॉइंट्सवर जमलं असतं, पण एकाच दिवशी अदलाबदल करताना ते तीन दिवस आणायचे कुठून? दोन्ही कुटुंबं रस्त्यावरच. शेवटी असं ठरलं की उशा, चादरी, टॉवेल ज्याने त्याने आपापले न्यायचे. निघताना खिडक्या फटीएवढ्या उघड्या ठेवायच्या. दारांच्या मुठी, नळ, दिव्यांची बटणं, फ्रिजचा दांडा निघतानाही पुसायचा आणि पोचल्यावरही. किल्ली हातात द्यायची नाही, दाराशेजारच्या आकड्यांच्या कुलुपाच्या डबीत ठेवायची. पूर्वी किल्ली देताना चहा व्हायचा, घर दाखवणं व्हायचं. ते गेलं, आणि मला ते अजूनही खटकतं.

विमा कंपनीला फोन केला. पैसे देणारा पाहुणा असेल तर पॉलिसी चालणार नाही, फुकट राहणारा चालेल. मात्र कुलूप न फोडता झालेली चोरी भरून मिळणार नाही. फोनवरच्या गोड बोलण्यावर न थांबता हे ई-मेलने मागवून घेतलं. कोणी आता हे करत असेल तर हा एक फोन टाळू नका.

सगळ्यात मोठा फरक वेगळाच होता. पूर्वी दुसऱ्याच्या घरात आम्ही रात्री झोपायला यायचो. आता नवऱ्याचं ऑफिस सोबत, दिवसभर घरातच. त्यामुळे समुद्र दिसतो का, हे नंतर. आधी, नेट किती, टेबल कुठे, खुर्ची कसली. नॉर्थम्बरलंडच्या काकांनी नेटच्या स्पीडचा स्क्रीनशॉट पाठवला आणि खुर्चीचे फोटो समोरून, बाजूने, इतकंच नाही तर खालून उंचीचा खटका दाखवणारासुद्धा. लग्नाच्या स्थळाची इतकी चौकशी आमच्याकडे झाली नव्हती. रजा थोडी आणि मुक्काम लांब, हे गणितही त्यामुळेच जमलं.

शिवाय गाडी आपली. पूर्वी घरासोबत कधी कधी गाड्याही बदलायचो, त्याच्या विम्याची कटकट वेगळी. आता डिकीत मॉनिटर, कुकर, मसाल्याचा डबा, पोह्यांची पिशवी, सगळं मावलं.

तिथे फ्रिजवर भरती-ओहोटीचं वेळापत्रक चिकटवलेलं होतं, काही वेळांभोवती लाल गोल. लिंडिसफार्न बेटाकडे जाणारा रस्ता दिवसातून दोनदा पाण्याखाली जातो आणि दरवर्षी कोणी ना कोणी शहाणा गाडीसकट अडकतो. खाली काकूंनी लिहिलं होतं, ‘लाल वेळेत गेलात तर तुमची सुटका करायला आम्ही येणार नाही.’ आम्ही त्यांच्यासाठी ठेवलेल्या पानावर काळा आणि लाल कचऱ्याचा डबा कधी बाहेर काढायचा आणि बॉयलरचा दाब उतरला तर कोणता नळ किती फिरवायचा, एवढंच होतं. त्या मानाने आम्ही फारच रुक्ष.

2021 मध्ये ब्रिटनी पुन्हा हुकली. ब्रिटनच्या प्रवास-नियमांतल्या लाल-पिवळ्या-हिरव्या देशांच्या यादीत फ्रान्ससाठी जुलैमध्ये खास नियम निघाला: दोन डोस झाले असले तरी परत आल्यावर क्वारंटाईन. 2022 च्या उन्हाळ्यात एकदाची गेलो. व्हिसासाठी राहण्याचा पुरावा हवा, आणि अदलाबदलीत हॉटेलचं बुकिंग कुठून आणणार? ब्रिटनीच्या बाई त्यांच्या नगरपालिकेत गेल्या, 30 युरो भरून आमच्या नावाचं यजमानपत्र काढलं आणि मूळ प्रत पोस्टाने पाठवली. दोन वर्षं लांबलेल्या ओळखीत हे सहज झालं. अनोळखी माणसाकडे मागायला मी कचरले असते. ब्रेक्झिटनंतर दुग्धजन्य पदार्थ नेता येत नाहीत, म्हणून तूप घरीच राहिलं.

आणि लॅपटॉपही. त्यांनी माळ्यावरच्या खोलीत आमच्यासाठी मुद्दाम टेबल मांडून ठेवलं होतं. पण नवऱ्याच्या ऑफिसने स्पष्ट सांगितलं होतं की देशात कुठूनही काम करा, परदेशातून नाही. कराचे आणि व्हिसाचे प्रश्न येतात. मग त्याला खरीखुरी रजा टाकावी लागली, आणि त्या टेबलावर मुलांनी सगळे दिवस पत्ते कुटले.