निंदणाचा दिवस न् तरोट्याची भाजी

आज सोयाबीनच्या निंदणाला गेली होती. दुपारी बांधावर डबे उघडले. माझ्याकडं पोळ्या न् आलूची भाजी. काकूंच्या फडक्यात ज्वारीची भाकर, तरोट्याची (टाकळ्याची) भाजी, जवसाची चटणी, कांदा. "खाय ना वं पोरी, बांधावरचाच हाये." कोवळी पानं, भिजवलेली डाळ, लसणाची फोडणी. दोन भाकरी कधी संपल्या कळलंच नाही बाप्पा!

लोक ओमेगा-थ्रीच्या, म्हणजे अंगाला लागणाऱ्या एका चांगल्या चरबीच्या, गोळ्या विकत घेतात. जवसातही त्याचा एक प्रकार असतो, फक्त जवस कुटावं लागतं, आख्खे दाणे तसेच निघून जातात. ज्वारीत तंतू भरपूर, पोट साफ राहतं. जागतिक आरोग्य संघटना रोज 400 ग्रॅम भाज्या-फळं खा म्हणते, अन् त्यात आलू धरत नाही! माझा डबा तिथंच नापास.

बी-12 जीवनसत्त्व मात्र भाजीपाल्यातून मिळत नाही. दूध-दहीही सोडणार असाल तर डॉक्टरांना विचारून गोळी घ्या.

अन् जेवल्याबरोबर चहा नको, पालेभाजीतलं लोह नीट अंगी लागत नाही, लिंबू पिळा. काकूंना हे सांगितलं. त्यांनी हो म्हटलं न् चहा मांडला.