तुम्ही विचारलंत म्हणून: इंजेक्शन नेमकं कुठं देतात?

मी बरीच वर्षं टिश्यू कल्चरच्या प्रयोगशाळेत काम केलं आहे हे कळलं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "ते जीएम म्हणतात ना, त्यात इंजेक्शन नेमकं कुठं देतात हो? फळात, देठात की बियाण्यात?" जीएम म्हणजे प्रयोगशाळेत जनुकांत बदल केलेला सजीव. विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एक चित्र असतं: लालबुंद टोमॅटो आणि त्यात खुपसलेली सिरिंज. ते चित्र इतक्या ठिकाणी छापून आलंय, की लोकांना तो प्रयोगशाळेतला फोटोच वाटतो. मी दर वेळी उभ्या-उभ्या काहीतरी सांगते आणि दर वेळी अर्धंच सांगून होतं. आज बसून सांगते.

टोमॅटोला कुणी सुई टोचत नाही, आणि टोचून उपयोगही नाही. फळात कोट्यवधी पेशी असतात. एका जागी काही घातलं तर शेजारच्या पेशीलाही त्याचा पत्ता लागणार नाही. नवं जनुक रोपाच्या प्रत्येक पेशीत हवं असेल, तर सुरुवात एकाच पेशीपासून करायची आणि त्या एका पेशीतून अख्खं रोप उभं करायचं. वनस्पतींना हे जमतं. पानाचा तुकडा योग्य खुराकावर ठेवला तर त्यातून कोंब फुटतात, कोंबाला मुळं फुटतात. ऑक्सिन आणि सायटोकायनिन ही दोन संप्रेरकं कोणत्या प्रमाणात दिली, त्यावर आधी कोंब येणार की मूळ हे ठरतं. स्कूग आणि मिलर यांनी 1957 मध्ये हे तंबाखूच्या ऊतींवर दाखवून दिलं. आमचं सगळं काम त्यावरच उभं होतं.

मग जनुक आत नेतं कोण? एक जिवाणू. अ‍ॅग्रोबॅक्टेरियम ट्युमेफेशियन्स. मातीत राहतो. झाडाला जमिनीलगत जखम झाली की जखमेतून पाझरणाऱ्या रसायनांचा त्याला सुगावा लागतो आणि तो तिथं येऊन चिकटतो. त्याच्याकडे डीएनएचं एक वर्तुळ असतं. त्यातला ठरावीक तुकडा कापून तो झाडाच्या पेशीत सरकवतो आणि तो तुकडा झाडाच्या गुणसूत्रात जाऊन बसतो. पेशी आता त्या तुकड्याच्या हुकमात. ती बेसुमार वाढते, खोडावर गाठ येते आणि त्या गाठीत ओपाइन नावाची संयुगं तयार होऊ लागतात. झाडाला त्यांचा काही उपयोग नाही. जिवाणू मात्र त्यांवर पोसतो. म्हणजे हा जिवाणू झाडाला स्वतःसाठी स्वयंपाक करायला लावतो! पहिल्यांदा हे समजलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती. मेरी-डेल चिल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1977 मध्ये गाठीच्या पेशींत जिवाणूचा डीएनए सापडतो हे सिद्ध केलं. बेल्जियममधल्या गेंट इथं जेफ शेल आणि मार्क व्हॅन माँटेग्यू याच जिवाणूच्या मागे होते. गाठ आणणारी जनुकं काढून टाकायची, तुकड्याच्या दोन टोकांच्या खुणा तशाच ठेवायच्या आणि मधे आपल्याला हवं ते जनुक बसवायचं, हे 1983 पर्यंत एकाहून अधिक प्रयोगशाळांना साधलं होतं.

निसर्गात तो हे कधीपासून करतोय याचा एक पुरावा 2015 मध्ये मिळाला. लागवडीतल्या रताळ्यांच्या 291 नमुन्यांत अ‍ॅग्रोबॅक्टेरियमच्या डीएनएचे तुकडे सापडले. ते कुणा माणसानं घातलेले नव्हते. म्हणून जीएमचं सगळं काही आपोआप निर्धोक ठरतं असं मी म्हणणार नाही. पण "हे निसर्गात कधीच होत नाही" हे वाक्य मी तेव्हापासून सोडून दिलंय.

आता रोजचं काम. पानाचे लहान काप घ्यायचे, जिवाणूच्या पाण्यात काही मिनिटं बुडवायचे, टिपकागदावर टिपायचे आणि दोन दिवस अंधारात ठेवायचे. जनुक "घालणं" म्हणतात ते एवढंच. आपण झोपेत असताना जिवाणू ते करतो. त्यानंतरचे कित्येक महिने मात्र आपले असतात, आणि ते निवडण्यात आणि टाकून देण्यात जातात.

दोन दिवसांनी काप नव्या खुराकावर हलवायचे. त्यात दोन प्रतिजैविकं असतात. एक जिवाणूला मारतं, कारण त्याचं काम संपलेलं असतं. दुसरं, बहुतेक वेळा कॅनामायसिन, ज्या पेशींत जनुक गेलं नाही त्यांना वाढू देत नाही. हव्या असलेल्या जनुकाला कॅनामायसिन पचवणाऱ्या जनुकाची जोड दिलेली असते. एक आलं तर दुसरंही आलं असणार, हा त्यामागचा हिशेब. काही आठवड्यांत बहुतेक काप फिकट होत-होत पांढरे पडतात. मधेच एखाद्या कडेला हिरवा ठिपका दिसतो. मी एका खेपेला दोनशे काप लावायची आणि दहा-बारा हिरवे कोंब मिळाले तरी आनंदात असायची. एकदा खुराकाच्या एका खेपेचं निर्जंतुकीकरण नीट झालं नव्हतं. चूक माझीच होती. सोमवारी दार उघडलं तर प्रत्येक डिशमध्ये काळी बुरशी. तीन महिन्यांचं काम गेलं.

ते प्रतिजैविकाचं जनुक रोपात राहून जातं, ही लोकांची तक्रार मला रास्त वाटते. नंतर ते काढून टाकायच्या पद्धती आल्या, आणि यायलाच हव्या होत्या.

उरलेल्या कोंबांना मुळं फुटवायची. मग रोप बाटलीबाहेर काढायचं. बाटलीतल्या दमट हवेत वाढलेल्या पानांवर मेणाचा थर जेमतेम असतो, त्यामुळे बाहेर आल्यावर ती तासाभरात माना टाकतात. त्यांना प्लास्टिकखाली ठेवून थोडं-थोडं उघडं करत सवय लावावी लागते. जगली त्यांची तपासणी. जनुक खरंच आहे का? एकदाच बसलंय की चार वेळा? भलत्या जागी बसून झाडाचं स्वतःचं एखादं जनुक तर मोडलं नाही ना? कारण तो तुकडा गुणसूत्रात कुठं बसेल हे आपल्या हातात नसतं. कोणी खुरटं निघतं, कोणाची पानं वळलेली, कोणाला बीच धरत नाही. ती सगळी जातात. मग पिढ्यान्‌पिढ्या बी धरून पुन्हा तपासणी आणि पुन्हा वगळणं.

काही पिकांना हा जिवाणू सहजासहजी वश होत नाही, विशेषतः गवताच्या कुळातल्या. त्यांच्यासाठी जीन गन आली. कॉर्नेल विद्यापीठात जॉन सॅनफर्ड आणि सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकात ती तयार केली. धातूच्या अतिसूक्ष्म कणांवर डीएनएचा लेप द्यायचा आणि ते वेगानं पेशींवर मारायचे. हवाई बेटांवरची पपई याच बंदुकीमुळे वाचली. तिथल्या पुना भागात 1992 मध्ये रिंगस्पॉट विषाणू शिरला आणि बागा बसत गेल्या. डेनिस गोन्साल्विस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच विषाणूच्या आवरणाचं जनुक पपईत घातलं आणि ती रोगाला दाद देईनाशी झाली. 1998 मध्ये तिचं बी शेतकऱ्यांच्या हातात पडलं. या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. बागायतदारांपुढचं संकट खरं होतं आणि उत्तर नेमकं त्या संकटापुरतं होतं.

तणनाशक सहन करणाऱ्या पिकांबद्दल मला तसं वाटत नाही. एकच तणनाशक वर्षानुवर्षं त्याच शेतांत फवारलं आणि त्याला न जुमानणारी तणं तयार झाली. वाचलेल्यातून निवड होते हे आम्ही रोज डिशमध्ये बघत होतो. शेतात ते होणार नाही असं कुणी कसं समजलं?

"खाल्लं तर ते जनुक आपल्यात येतं का?" हाही प्रश्न असतो. आपण खातो त्या प्रत्येक पानाफळात हजारो जनुकं असतात आणि ती पचतात. विचार करायचा तो त्या जनुकापासून तयार होणाऱ्या प्रथिनाचा. सोयाबीनचा पोषणगुण वाढावा म्हणून त्यात ब्राझील नटचं एक जनुक घातलं होतं. त्या नटाची अ‍ॅलर्जी असलेल्यांच्या रक्तावर तपासलं, तर नेमकं तेच प्रथिन अ‍ॅलर्जीचं निघालं. हे 1996 मध्ये प्रसिद्ध झालं. ते सोयाबीन बाजारात आलं नाही. तिथंही टाकून देणंच कामी आलं. आणि चित्रातल्या टोमॅटोचं म्हणाल, तर 1994 मध्ये अमेरिकेत विक्रीला आलेल्या पहिल्या जीएम टोमॅटोत फळ मऊ पाडणारं त्याचं स्वतःचंच जनुक दाबलेलं होतं. काही वर्षांत तो बाजारातून गेलाही.

असंख्य लोकांच्या शरीरात जाणारी एक जीएम वस्तू बहुधा कुणी तशी ओळखतही नाही. इन्सुलिन. पूर्वी ते डुकरांच्या आणि गुरांच्या स्वादुपिंडातून काढत. 1978 मध्ये माणसाच्या इन्सुलिनचं जनुक जिवाणूत घालून ते तयार केलं गेलं आणि 1982 मध्ये औषध म्हणून मंजूर झालं. इंजेक्शन कुठं देतात, याचं एक खरं उत्तर इथं आहे: माणसाच्या पोटाच्या कातडीखाली, रोज, औषधाचं.

पण सुईचं दुसरंही उत्तर आहे, आणि ते प्राण्यांचं. प्राण्याच्या कानाचा तुकडा खुराकावर ठेवून त्यातून वासरू उगवत नाही. तिथं सुरुवात अंड्यापासून करावी लागते; जुनी पद्धत फलित अंड्याची. मी हे एकदा प्रत्यक्ष पाहिलं, उंदरांच्या प्रयोगशाळेत. सूक्ष्मदर्शकाखाली अंडं एका काचेच्या नळीनं हलकेच ओढून धरलेलं, समोरून डोळ्यांना दिसणारही नाही इतकी बारीक काचेची सुई. शुक्रपेशीकडून आलेलं केंद्रक अजून वेगळं असतं, त्यात ती शिरते. केंद्रक किंचित फुगलं की डीएनए आत गेला. मग अशी अंडी दुसऱ्या मादीच्या गर्भनलिकेत सोडतात. टोचलेल्या शंभर अंड्यांमागे जनुक बसलेली पिल्लं दोन-चार. याच पद्धतीनं 1982 मध्ये पामिटर आणि ब्रिन्स्टर यांनी वाढीच्या संप्रेरकाचं जनुक घालून नेहमीपेक्षा जवळजवळ दुप्पट वाढणारे उंदीर जन्माला घातले.

मग हेच डुकरांत केलं गेलं, अमेरिकेच्या कृषी खात्याच्या बेल्ट्सव्हिल इथल्या केंद्रात. माणसाच्या वाढीच्या संप्रेरकाचं जनुक. डुकरांची चरबी घटली, चारा जास्त अंगी लागला. आणि त्यांचे सांधे सुजले, पाय लंगडे झाले, जठरात व्रण झाले. मी ते वर्णन वाचलं तेव्हा माझी खुरटी, पानं वळलेली रोपं आठवली. ती मी पिशवीत भरून ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेनं निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, टाकत असे. वीस मिनिटं वाफ, की संपलं. मला त्यात काही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. फसलेल्या रोपाला दुखत नाही. फसलेलं डुक्कर उभं राहायचा प्रयत्न करतं.

पुढं जनुक-संपादन आलं. क्रिस्पर या तंत्राचा डीएनए कापायला कात्रीसारखा उपयोग 2012 मध्ये दाखवला गेला. आता कुठं कापायचं ते ठरवता येतं, म्हणून फसणारे कमी. पण चूक संपलेली नाही. शिंगं न फुटणारे वळू दुसऱ्या एका संपादन-तंत्रानं तयार झाले होते, शिंगं काढताना गुरांना होणाऱ्या यातना टळाव्यात म्हणून. 2019 मध्ये तपासलं तर त्यांच्यातल्या एकात जिवाणूच्या डीएनएचा तुकडा राहून गेलेला सापडला, प्रतिजैविकाला दाद न देणाऱ्या जनुकांसकट.

आणि तरी, जानेवारी 2022 मध्ये मेरीलँडमध्ये एका माणसाच्या छातीत डुकराचं हृदय बसवलं गेलं, तेव्हा मी दिवसभर बातम्या वाचत होते. त्या डुकरात दहा बदल केलेले होते: चार जनुकं बंद, माणसाची सहा घातलेली. बंद केलेल्यांपैकी एक वाढीशी निगडित होतं, हृदय माणसाच्या छातीत गेल्यावर आणखी वाढू नये म्हणून. बेल्ट्सव्हिलमध्ये वाढीचा जो नळ जोरात सोडला होता, तो इथं मुद्दाम बंद केला होता. तो माणूस दोन महिने जगला. जीव वाचवण्यासाठी मला हे मान्य आहे. मांस लवकर तयार व्हावं यासाठी नाही. कुणी म्हणतं, रेघ अशी सोयीनं ओढता येत नाही. मला ती इथंच ओढावीशी वाटते.

त्या दिवशी उंदरांच्या खोलीतून निघताना मी तिथल्या मुलीला विचारलं होतं, ज्यांच्यात जनुक बसलं नाही त्या पिल्लांचं काय करता? तिनं पिंजऱ्यावरचं कार्ड दाखवलं. जन्मतारीख, क्रमांक आणि पुढं शाईनं अधिक किंवा उणे. "उणे असतील ती ठेवत नाही," ती म्हणाली. तिचा आवाज हळू होता. त्या पिंजऱ्यात सात पिल्लं होती, एकमेकांवर चढून झोपलेली. सातांपुढे उणे होतं. बाटल्यांवर मी तेच चिन्ह काढत असे, त्याच काळ्या मार्करनं.